हद्द वाढेल, पण हिशेबाचे काय?

पेण आणि रोहा या दोन्ही बाजारपेठांशी आमच्या दुकानाचा संबंध वडिलांच्या वेळेपासूनचा. कपड्याच्या व्यवहारात बसलेल्या माणसाच्या कानावर गावचा सगळा कारभार आपोआप येतो. हल्ली एक गोष्ट वारंवार ऐकू येते. शहरातला दुकानदार म्हणतो, "पालिकेच्या तिजोरीत दम नाही. आजूबाजूची गावे हद्दीत घ्या, म्हणजे चार पैसे येतील." गावातला माणूस म्हणतो, "आम्हाला नको ती पालिका. घरपट्टी वाढेल आणि पाणी मात्र येणार नाही." आमच्यापैकी अनेकांची पंचाईत अशी की दुकान शहरात आहे आणि घर किंवा गोडाऊन गावात आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्हाला पटते. म्हणूनच हा विषय व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडावासा वाटला.

बाजार एक, कारभार दोन

पेणचे नाव निघाले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. पण हा धंदा पेण शहरापुरता राहिलेला नाही. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून कारखान्यांची रांग लागली आहे. गेल्या काही वर्षांत मूर्तीला खरे धोतर नेसवण्याची आणि खरा फेटा बांधण्याची पद्धत आली, तेव्हापासून साटीन आणि जरीकाठाच्या कापडाला या कारखान्यांतून मागणी असते. माल पेणच्या बाजारातून जातो, काम गावात होते आणि मूर्ती तेथूनच मुंबईला निघते. धंदा एकच आहे, पण बाजारातला रस्ता खराब झाला तर तक्रार नगरपालिकेकडे, कारखान्यापुढचा खराब झाला तर ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. डोलवीचा पोलाद कारखानाही पेण तालुक्यातच, पण शहराच्या हद्दीबाहेर.

रोह्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथील पालिकेचे नावच रोहा-अष्टमी. कुंडलिका नदीच्या दोन काठांवरच्या दोन वस्त्यांचा कारभार एकत्र चालू शकतो, याचा हा जुना दाखला. परंतु रोह्याला लागून असलेली धाटावची औद्योगिक वसाहत पालिकेच्या हद्दीत नाही. धाटावचा कामगार पगाराच्या दिवशी खरेदीला रोह्याच्या बाजारात येतो. गर्दी, कचरा आणि वाहने शहराच्या वाट्याला येतात, कारखान्यांच्या जागेवरील कर मात्र शहराच्या खात्यात जमा होत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे हे गाव. अशा गावाने तरी जमाखर्च नीट मांडून पाहावा.

तिजोरी का आटली?

आमच्या तरुणपणी मालाची गाठ शहरात आणायची म्हणजे जकात नाक्यावर थांबावे लागे. पावती फाडा, गाठ उघडा, तागे मोजा, असा अर्धा दिवस जाई. एकदा आमच्या गाठीतले तागे नाक्यावर दोनदा मोजले गेले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा निघाला. त्या कटकटीला कंटाळून वडिलांनी हद्दीबाहेर एका गावात खोली घेतली आणि लागेल तेवढाच माल आत आणू लागले. असे करणारे आम्ही एकटे नव्हतो.

१९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात उठली. व्यापाऱ्याने सुटकेचा श्वास सोडला, पण पालिकेची रोजची कमाई गेली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. ज्याची कमाई दुसऱ्याच्या हातात, त्याचा खर्चही दुसऱ्याच्या मर्जीवर. घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे एवढ्यावर लहान पालिकेचे भागत नाही. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या ३७ हजारांवर आणि रोहा-अष्टमीची २० हजारांवर होती. दोन्ही 'क' वर्गातल्या पालिका. बाजाराला मात्र सारा तालुका येतो. त्या सगळ्यांची सोय एवढ्याशा करदात्यांच्या खिशातून करायची, हे खरे दुखणे आहे.

शेजाऱ्यांचे अनुभव

हद्द वाढवून काय होते, हे पाहायला लांब जायला नको. १८५२ सालची पनवेल नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे हा सगळा भाग आणि २९ महसुली गावे तिच्यात आली. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महापालिका. हद्द वाढली, पाया रुंद झाला. पण वसाहतींतल्या लोकांच्या हाती २०१६ पासूनच्या मागील मालमत्ता कराची बिले एकदम पडली, तेव्हा गहजब झाला. त्यांचे म्हणणे असे की या काळात सेवा सिडकोने दिली आणि तिचे शुल्कही आम्ही भरले, मग महापालिकेला मागचा कर कशाचा? प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. कराचा हिशेब हद्द वाढवण्याआधी लोकांसमोर ठेवला असता तर एवढी तकरार झाली नसती, असे आमचे मत आहे.

वसई-विरारमध्ये २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून महापालिका झाली. गावांनी विरोध केला. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो कोर्टात अडकला आणि वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कथा तशीच. १९८३ मध्ये ती आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. ज्या गावाला आपण कोणत्या घरचे हेच ठाऊक नाही, तेथे गटार कोण बांधणार?

उलट उदाहरण भिवंडीचे. आम्हा कापडवाल्यांना भिवंडी वेगळी सांगायला नको. यंत्रमाग शहरात, पण मोठमोठी गोडाऊने काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे अशा गावांत. जमीन स्वस्त आणि जकात नाही, म्हणून धंदा हद्दीबाहेर वाढला. पुढे जकात गेली, तरी गोडाऊने तेथेच राहिली. शहराच्या वाट्याला कारागिरांची दाट वस्ती आणि ट्रकांची रहदारी आली, गोडाऊनांचा कर बाहेर राहिला. वेळेवर विचार केला नाही तर असे होते.

दूरदेशीची एक गोष्ट

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराने १८७६ मध्ये भोवतालच्या कौंटीपासून, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या मुलखापासून, स्वतःला वेगळे केले. शहर तेव्हा श्रीमंत होते, खेड्यांवर आपला पैसा का खर्च करावा, असा विचार झाला. पुढे लोक आणि धंदे त्याच कौंटीत राहायला गेले. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली शहराची वस्ती २०२० मध्ये तीन लाखांवर आली. आता शहराला पुन्हा एकत्र यावेसे वाटते, तर कौंटीतले लोक बिचकतात. २०१९ मध्ये विलीनीकरणाची एक योजना मांडली गेली आणि त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. इंडियानापोलिस शहराने मात्र १९७० मध्ये कौंटीबरोबर एक कारभार केला, पण शाळांचा कारभार जुन्या हद्दींप्रमाणे वेगळाच ठेवला. एकत्र येतानासुद्धा कोणती खाती एकत्र आणि कोणती वेगळी, हे ठरवता येते, एवढे यातून घ्यावे.

गावाचे म्हणणे ऐका

शहरातल्या बांधवांना आमची विनंती आहे की गावाचा विरोध हा नुसता कर चुकवण्याचा प्रकार समजू नका. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभा जाते, ग्रामीण रोजगार योजनेचे काम जाते आणि वित्त आयोगाकडून थेट पंचायतीला येणारा पैसा जातो. पेणच्या खारेपाटातल्या गावांना पाण्याचे दुःख विचारा. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईकडे जाते आणि खारेपाटातली बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. असा अनुभव असलेल्या माणसाने 'हद्दीत या, पाणी देऊ' या तोंडी शब्दावर विश्वास का ठेवावा?

शिवाय वेळ थांबलेली नाही. मार्च २०२४ मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. गावांतून हजारो हरकती गेल्या. पेणच्या गावांचा कारभार कोणी ठरवायचा, हा प्रश्न आपण विचारला नाही तरी दुसरे कोणी विचारणारच.

आमचे म्हणणे

जी गावे शहराला चिकटली आहेत, ज्यांचे रस्ते, गटारे आणि बाजार एकच झाले आहेत, ती पालिकेत यावीत. हमरापूर, जोहे यांसारखी लांबची गावे ओढून आणू नयेत. त्यांच्याशी कचरा, अग्निशमन आणि मूर्तींच्या हंगामातल्या रहदारीपुरता करार करावा आणि खर्च वाटून घ्यावा. धाटावचा प्रश्नही तेथील ग्रामपंचायतीला समोर बसवूनच सोडवावा.

जी गावे आत येतील त्यांना चार गोष्टी आधी लेखी मिळाव्यात. पहिली, घरपट्टी किती वर्षांत आणि कोणत्या टप्प्यांनी वाढेल. महापालिकांच्या कायद्यात अशी टप्प्याटप्प्याची सोय आहे, तर लहान पालिकेने ती का पाळू नये? दुसरी, पाणी कोणत्या सालापर्यंत येईल. तिसरी, गावात घरातच काम करणाऱ्या शिंप्याला, मूर्तिकाराला, रंगाऱ्याला परवान्याची कोणती फी लागेल. चौथी, मागील कर एक पैसाही लागणार नाही.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. सरकारी नोटिशीतले मराठी आम्हाला आजही दोनदा वाचावे लागते, याची लाज वाटत नाही. पण नोटीस न वाचताच पुड्या बांधायला वापरली, तर मात्र लाज वाटावी. १९६५ च्या नगरपरिषदा कायद्याप्रमाणे हद्द बदलायची तर आधी उद्घोषणा निघते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवसांची मुदत असते. त्या ३० दिवसांत लेखी अर्ज द्यायचा असतो. मुदत संपल्यावर दुकानाच्या फळीवर बसून केलेल्या तक्रारीला किंमत नाही.

भागीदारी करताना आपण भांडवल कोणाचे, नफा किती आणि तोटा कोणाच्या माथी, हे कागदावर उतरवतो. सख्ख्या भावाशीही तोंडी व्यवहार करत नाही. शहर आणि गाव यांची भागीदारी तर आपल्या नातवंडांपर्यंत चालायची आहे. तिचा कागद आधी व्हावा, सही नंतर.