शिळावर्तुळ कसं वाचायचं

सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप एकेकाळी नुसतं टेकाड होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खोदलं आणि आत एकात एक ठेवलेले करंडक सापडले. मात्र मृतांवर दगड रचायची महाराष्ट्रातली रीत त्याहूनही जुनी, लोहयुगातली. ती पाहायची तर विदर्भात जायला हवं. नागपूर-काटोल रस्त्यालगत जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत.

आधी जागा पाहा. वर्तुळं मुरमाड, उंचवट्याच्या जमिनीवर आहेत, जिथे पीक धड येत नाही. पण धोंडे तिथेच मिळतात आणि पाणीही जवळ असतं. काळी कसदार जमीन जिवंत माणसांच्या पोटासाठी राखून माळ मृतांना दिला असावा, असं मला वाटतं.

आता रचना. मुरमात उथळ खड्डा घेत. त्यात अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर ठेवत. वर चिकट काळी माती आणि गोटे भरत, म्हणून मध्यभाग किंचित फुगलेला दिसतो. भोवती मोठ्या धोंड्यांचं कडं. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. ते सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शोधावेत, भर दुपारी नजरेतून सुटतात.

जवळच्या माहुरझरीला 1970च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे माणसाबरोबर पुरलेला घोडा मिळाला, त्याच्या डोक्यावरचा तांब्याच्या पत्र्याचा साजही मिळाला. घोडा हे फार मोलाचं जनावर. ते मालकासोबत मातीत देणारा समाज मृताला किती मानत असेल! विदर्भातल्याच नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, म्हणजे थडग्यातली हत्यारं करणारे कारागीर इथलेच होते. मृतांसाठी दगड उभारायची प्रथा गडचिरोलीतल्या माडिया गोंडांमध्ये आजही आहे.

हे सगळं कळतं ते प्रत्येक वस्तू जागच्या जागी राहिली तरच. बांधासाठी किंवा रस्त्याच्या भरावासाठी धोंडे उचलले, की वर्तुळ कायमचं जातं. तेव्हा माळावर दगडांचं कडं दिसलं तर एकही दगड हलवू नका, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.