लिनक्सच्या पडद्यामागची तीस वर्षं

१९९०च्या दशकाअखेर लिनक्स बसवणाऱ्याची खरी कसोटी ग्राफिक्सपाशी लागायची. मॉनिटरची आडवी-उभी फ्रिक्वेन्सी पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्सफ्री८६ या प्रणालीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हाताने भरावी लागे. आकडे चुकले, की समोर काळा पडदा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ‘मेसा’ या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीचं काम सुरू केलं, तेव्हा सगळं चित्र सीपीयूच रंगवत असे. ग्राफिक्स कार्ड त्याहून वेगाने ते रंगवू शकलं असतं, पण त्याला आज्ञा कशा द्यायच्या, हे बरेच उत्पादक सांगायलाच तयार नव्हते.

व्हिडिओचं दुखणंही तेच होतं. एक्सव्हीएमसीमुळे एमपीईजी-२ डीकोड करण्यातलं थोडं काम कार्डाकडे सोपवता येई. एच.२६४ हा व्हिडिओ कोडेक आल्यावर ते अपुरं पडलं. लॅपटॉप तापायचे, चित्र अडखळायचं. पुढे सगळं डीकोडिंग कार्डावर नेण्यासाठी इंटेलने व्हीए-एपीआय आणला, तर एनव्हिडियाने २००८ मध्ये व्हीडीपीएयू. कंपन्या दोन, वाटा दोन. प्लेअर लिहिणाऱ्यांना दोन्ही सांभाळाव्या लागल्या.

माहिती दडवण्याच्या बाबतीत वळण आलं ते सप्टेंबर २००७ मध्ये. आदल्या वर्षी एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने रेडिऑन कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचं जाहीर केलं. २००९ मध्ये लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या २.६.२९ आवृत्तीने आधी इंटेलच्या चिपसाठी पडद्याचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि हाताने फाइल भरण्याचे दिवस सरत गेले. २०१५ मध्ये ‘एएमडीजीपीयू’ हा नवा ड्रायव्हर कर्नल ४.२ मध्ये दाखल झाला.

जिथे माहिती मिळाली नाही, तिथे माणसांनी ती चिकाटीने खणून काढली. ‘नूव्हो’ या मुक्त प्रकल्पाची मंडळी एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो, ते टिपून अर्थ लावत होती. त्यातून उभा राहिलेला ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलसोबत आला. पण पुढच्या कार्डांना कंपनीचीच सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि मुक्त ड्रायव्हरला कार्डाचा वेग वाढवता येईना. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलपुरता कोड खुला केला, तेव्हा कुठे ही कोंडी सैल झाली.

त्याच वर्षी वेगळीच अडचण पुढे आली. पेटंटच्या कारणाने फेडोरा या लिनक्स वितरणाने मेसामधलं एच.२६४ आणि एच.२६५चं हार्डवेअर डीकोडिंग बंद केलं. कार्ड सक्षम, ड्रायव्हर मुक्त, तरी वापरणाऱ्याला वेगळ्या रिपॉझिटरीतून पॅकेज आणावं लागलं. रॉयल्टीमुक्त एव्ही१ कोडेक म्हणूनच मोलाचा आहे.

या तीन दशकांत हुशार प्रोग्रामर कधीच कमी पडले नाहीत. अडलं ते दडवलेल्या माहितीपाशी. ती जिथे खुली झाली, तिथे सेटअप नावाचं काम जवळजवळ उरलंच नाही. शिवाय कर्नलमधला ड्रायव्हर कर्नलबरोबर अद्ययावत होत राहतो; बंदिस्त ड्रायव्हरवर कंपनीने पाणी सोडलं, की धडधाकट कार्डही नव्या कर्नलवर अडून बसतं. म्हणून नवं यंत्र घेताना दोन प्रश्न विचारावेत: याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, आणि कोणते कोडेक हार्डवेअरवर चालतात? आपण मागणी केली, तरच माहिती खुली ठेवणाऱ्या कंपन्यांना तसं करण्याचं बळ मिळेल.