फुलझाडांना खत घालण्याआधी

नर्सरीत गुलाबाचं रोप घेतलं की सोबत बोनमीलची पुडी बहुतेकदा हातात पडतेच. माती कुठली, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर तोच पहिला प्रश्न असायला हवा.

बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. त्यात मुख्यतः स्फुरद आणि कॅल्शियम. हा स्फुरद विरघळून मुळांपर्यंत जायला माती आम्लधर्मी लागते. कोकणातली जांभ्याची माती तशी असते, तिथे चुरा हळूहळू लागू पडतो. देशावरच्या काळ्या मातीत बहुधा मुळातच चुनखडी असते आणि सामू बऱ्याचदा 7.5च्या पुढे जातो. तिथे तोच चुरा महिनोन् महिने जवळपास तसाच पडून राहतो. अंड्याची टरफलं आणि चुलीतली राखही अशा मातीला नकोच. चुनखडीच्या मातीत मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही.

चुनखडी घरच्या घरी ओळखता येते. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगरचे थेंब सोडा. माती फसफसली तर चुनखडी आहे. नाही फसफसली म्हणून ती आम्लधर्मी ठरत नाही. नेमका सामू हवा असेल तर माती परीक्षण करून घ्यावं.

शेणखत मात्र काळ्या आणि तांबड्या, दोन्ही मातींना हवं. ते कुजवणारे जिवाणू चिकट द्रव्य सोडतात. त्याने काळ्या चिकण मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात आणि मुळांशी हवा खेळते. तांबड्या मातीत तेच खत ओल धरून ठेवतं. अट एकच, खत पुरतं कुजलेलं हवं. मूठभर हातात घ्या: काडी ओळखू येऊ नये, ऊब लागू नये, वास शेणाचा नव्हे तर ओल्या मातीचा यावा. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात आणि मुळं कुरतडतात.

वाळका पाला आणि लाकडाचा भुसा मातीत कालवू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि झाड उपाशी राहतं. पाला वरून पसरला तर उत्तम आच्छादन होतं.

निंबोळी पेंड नत्र सावकाश देते आणि सूत्रकृमींनाही आवर घालते. 12 इंची कुंडीला दोन-तीन महिन्यांतून मूठभर पुरे. गुलाबाला खत ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर द्यावं, मोगऱ्याला जानेवारीच्या सुमारास. बुंध्याला चिकटवून नव्हे, थोडं दूर आळं करून घाला आणि लगेच पाणी द्या.

राहिलं कोकोपीट. त्याने कुंडी हलकी होते आणि ओल टिकते. पण ते खत नव्हे. नुसत्या कोकोपीटवर गुलाब फुलत नाही.