माशाचे माहेर

"अहो, एवढाले मासे दिसताहेत, मग यांची पोरेबाळे कुठे आहेत?"

ऋषिकेशच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकता टाकता आमच्या सौभाग्यवतींनी हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. वृत्त-अलंकार विचारले असते तर गोष्ट वेगळी! मराठीच्या प्राध्यापकाला माशांची पोरेबाळे कशी ठाऊक असणार? घरी परतल्यावर मात्र चार पुस्तके चाळली आणि लक्षात आले, की प्रश्न साधा नव्हता.

घाटावरचे ते मासे म्हणजे सोनेरी महाशीर. अंगावर मोठमोठे खवले, जाड ओठ आणि सोनेरी-हिरवट झाक. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन या इंग्रज अंमलातील डॉक्टराने याची शास्त्रीय नोंद केली. पन्नास किलोपर्यंत वाढणारा हा मासा; पण त्याचे बाळपण मोठ्या नदीत जात नाही. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. महाशीरची मादी प्रत्येक बाळंतपणाला जाते, आणि तेही प्रवाहाविरुद्ध पोहत!

गंगेचे पाणी बर्फाचे, म्हणून गार. पावसाळा लागला, की डोंगरातल्या लहान नद्यांना पूर येतो. पौडी गढवालमधली नयार अशीच एक. ती बर्फावर नव्हे, तर झऱ्यांवर आणि पावसावर जगते आणि व्यासघाटाला गंगेस मिळते. तिचे पाणी उबदार, तळ गोट्यांचा आणि वाळूचा. पुराची चाहूल लागताच महाशीर गंगा सोडून नयारमध्ये शिरतात आणि वर चढत जातात.

तिथे उथळ, वाहत्या पाण्यात मादी लिंबाच्या रंगाची अंडी घालते. तीही एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने. रोहूसारखा मासा वजनाच्या एका किलोमागे लाखाहून अधिक अंडी देतो. महाशीरची मजल काही हजारांपुढे जात नाही. म्हणून एकेक अंडे मोलाचे. तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येते, पण त्याला धड पोहता येत नाही. पोटाशी बांधलेली पिवळ्या बलकाची पिशवी हीच त्याची शिदोरी. ती सरेपर्यंत, आठवडाभर, ते उजेड चुकवून गोट्यांच्या फटीत दडून बसते. मग हळूच बाहेर पडून काठच्या संथ पाण्यात शेवाळ आणि किड्यांच्या अळ्या टिपू लागते. पाऊस ओसरला, की मोठी मंडळी गंगेत उतरतात. पोरे मात्र अंगात बळ येईपर्यंत आजोळीच राहतात.

आता या वाटेवर काय वाढून ठेवले आहे ते पाहा. भागीरथीवर 260 मीटर उंचीचे टिहरी धरण 2006 पासून वीज देऊ लागले. आपल्या घरात दिवे लागावेत असे कोणाला वाटत नाही? पण तेवढी उडी कोणत्या माशाला मारता येणार! त्यात लहान नद्यांतले गोटे आणि वाळू बांधकामासाठी उपसली जाते. म्हणजे पाळणाच उचलून नेला! सुरुंग लावून मासे मारणारे आहेतच. त्या धडाक्यात पिल्लेही मरतात. जगभरच्या निसर्गसंवर्धकांच्या यादीत सोनेरी महाशीर आज 'संकटग्रस्त' आहे.

मग पिल्ले आपणच वाढवून नदीत सोडली तर? ही वाट महाराष्ट्रानेच दाखवली. आपल्याकडच्या महाशीरची, म्हणजे खडशीची अंडी आणि पिल्ले यांचा अभ्यास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास केला, आणि लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालवले. सोनेरी महाशीरची पिल्ले आता भीमतालला वाढवतात. काम मोलाचे, पण एक ठेच लागलेली आहे. लोणावळ्याची खडशी कावेरीत सोडली गेली. ती तिथे चांगलीच रुजली आणि कावेरीचा स्वतःचा, नारिंगी परांचा महाशीर मागे पडत गेला. 2018 साली त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. हेतू चांगला होता. पण पोरे परक्या घरी नेऊन सोडली, की तिथल्यांच्या तोंडचा घास जातो.

तेव्हा पिल्ले वाढवावीत, पण ज्या नदीची त्याच नदीत सोडावीत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादी तरी नयार अडवल्याशिवाय, उपसल्याशिवाय वाहू द्यावी.

सौभाग्यवतींना उत्तर द्यायला मला चार महिने लागले. "पोरे आजोळी आहेत," मी सांगितले. आपल्या घरी फराळाची ताटे मांडली जातील तेव्हा पावसाळ्यात जन्मलेली ती पेर-दोन पेर लांबीची पोरे कुठल्याशा उथळ ओढ्यात गोट्यांमागे लपंडाव खेळत असतील.

त्यावर त्या म्हणाल्या, "वाट मोकळी राहिली तर येतील हो घरी!"

याहून नेमके मला तरी काही सांगता आले नसते.