दोन ‘उभयचर’

ब्रायोफायटा शिकवताना आपण सांगतो, “हे वनस्पतिसृष्टीतील उभयचर.” एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारतो, “मग बेडूक त्यांचा नातेवाईक का?” हा प्रश्न टाळू नये. मर्केंशिया पॉलिमॉर्फा ही यकृतका आणि फायलोबेट्स टेरिबिलिस हा कोलंबियातील विषारी सोनेरी बेडूक शेजारी ठेवून पाहू.

पाण्यावाचून दोघांचेही अडते. मर्केंशियाच्या नर जननपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशी गाठतात. हा बेडूक अंडी जमिनीवर घालतो, पण शेपटीवाल्या पिल्लांना नर पाठीवरून पाण्यात नेतो. मात्र बेडकात एकच जीव दोन अवस्थांतून जातो; मर्केंशियात दोन वेगळ्या पिढ्या आलटून पालटून येतात. आपल्याला दिसणाऱ्या हिरव्या पिढीत गुणसूत्रांचा एकच संच असतो.

म्हणजे ‘उभयचर’ हे मर्केंशियाच्या बाबतीत केवळ वर्णन आहे, तर बेडकाच्या बाबतीत वर्गाचे नाव. लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलेली मर्केंशिया वनस्पतिसृष्टीत. पूर्वी ब्रायोफायटात धरलेल्या यकृतकांचा आज मर्केंशिओफायटा हा स्वतंत्र विभाग मानतात. १९७८ मध्ये नाव मिळालेला बेडूक प्राणिसृष्टीत, उभयचर वर्गात, डेंड्रोबॅटिडी कुलात.

आता संरक्षणाकडे वळू. मर्केंशिया जगभर आढळते. रोपवाटिकेच्या कुंड्यांत तर ती तण ठरते. तिच्या पृष्ठभागावरील इवल्या पेल्यांतील कलिका पावसाच्या थेंबाने उडतात आणि नवे रोप होते. बेडूक मात्र कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या छोट्याशा जंगलपट्ट्यात राहतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे आणि त्याच्या व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे.

मग तो काचपेटीत वाढवला की काम झाले का? नाही. एंबेरा आदिवासी ज्या विषाने फुंकनळीचे बाण माखतात, ते विष बेडकाला आहारातून मिळते. बंदिवासात जन्मलेला बेडूक बिनविषारी असतो. जात वाचली तरी तिचा जंगलाशी असलेला धागा तुटतो.

यावरून ‘बेडकाला जपा, यकृतकेची चिंता नको’ असाही निष्कर्ष काढू नये. मर्केंशिया सर्वत्र आहे, सगळ्या यकृतका नाहीत. जगात त्यांच्या सुमारे ७,००० जाती आहेत. त्यांतील फारच थोड्यांची लाल यादीसाठी तपासणी झाली आहे. यादीत नाव नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे.

येत्या पावसाळ्यात शाळेच्या ओलसर आवारात रिक्सिया शोधा, भिंगातून दाखवा आणि विद्यार्थ्यांनाच विचारा : हिची नोंद कोणी घेतली आहे का?