फाशीच्या कोठडीत कोण पोहोचतं?

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज आपण जेलविषयी आणि फाशीच्या शिक्षेविषयी बोलणार आहोत. विषय जड आहे, पण परका नाही. गावातून कुणाला पोलिसांनी नेलं की मागे घरात बाईच उरते. पोरांना सांभाळायचं, तारखेला कोर्टात जायचं, जामिनासाठी दारोदार फिरायचं, हे सगळं तिच्याच वाट्याला येतं. आमच्या फेडरेशनमध्ये आम्ही अशा आयांना, बायकोला, बहिणीला वकिलाचा आणि मुलाकातीचा अर्ज भरून देतो. ते करता करता जे कळलं, तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ज्यानं असलं कृत्य केलं त्याला सरकारी खर्चानं पोसायचं कशाला? लटकवून मोकळं व्हायचं." हा राग खोटा नाही. ज्या घरातली लेक गेली, त्या घराला आपण शांत राहा म्हणून सांगू शकत नाही. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण ज्याला आपण लटकवायला निघालो, तो खरंच तोच आहे का? आणि आपल्या देशात फाशीच्या कोठडीपर्यंत नेमकं कोण पोहोचतं? हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

आधी रीत समजून घेऊ. फाशीची शिक्षा सत्र न्यायालय देतं. पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय. तिथंही कायम झाली तर राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच ती द्यावी. नुसता गुन्हा किती भयंकर आहे एवढंच पाहायचं नाही, तर माणसाचं वय, त्याची परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता, हेही पाहायचं.

कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ साली एक अहवाल काढला. ३७३ कैद्यांची माहिती त्यात आहे. त्यांतले चारपैकी तीन जण गरीब घरचे. शंभरातल्या साठहून जास्त जणांचं माध्यमिक शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. दलित, आदिवासी, मागास जाती आणि अल्पसंख्याक यांचंच प्रमाण मोठं. याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टानं फाशी दिलेल्या ज्या कैद्यांच्या अपिलांचे निकाल लागले, त्यांत शंभरातल्या पाचांचीच फाशी कायम राहिली. आणि जवळजवळ तीस जण निर्दोष सुटले. मैत्रिणींनो, शंभर पोती धान्यातली तीस चुकीची मोजली गेली, तर त्या काट्यावर आपण विश्वास ठेवू का?

आता आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट. २००३ साली नाशिक जिल्ह्यात शेतवस्तीवर राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले. बायकांवर अत्याचार झाला. त्या घरातली आई कशीबशी वाचली. पोलिसांनी भटक्या जमातीच्या सहा जणांना धरलं. २००६ साली नाशिकच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण तर घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढं सिद्ध झालं.

मग २०१८ साली हे प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? त्या वाचलेल्या आईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. पोलिसांनी त्यांचा तपासच केला नाही. न्यायालयानं तपासावर कडक ताशेरे ओढले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

सोळा वर्षं. पाच लाख रुपये. पण आम्हाला त्याहून जास्त डाचते ती त्या आईची बाजू. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, आणि तिचं कुणी ऐकलं नाही. तिच्या घराला न्याय मिळाला असं सोळा वर्षं सगळे मानत राहिले. ज्यांना तिनं ओळखलं, त्यांच्या दारात कुणी गेलंच नाही. चुकीच्या माणसाला फाशी सुनावली की दोन घरं बुडतात, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट एका कागदाची आहे. १९९४ साली पुण्यात एका घरातल्या पाच बायका आणि दोन लहान मुलांचा खून झाला. बायकांमधली एक गरोदर होती. राजस्थानातून कामासाठी आलेल्या एका मुलाला त्यात १९९८ साली फाशी झाली, २००० साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्याच्या गावच्या शाळेच्या दाखल्यात त्याचं नाव थोडं वेगळं होतं. पुढं तो दाखला कोर्टासमोर आला, चौकशी झाली, आणि सिद्ध झालं की घटनेच्या वेळी तो अवघा साडेबारा वर्षांचा होता. आपल्या कायद्यानं मुलाला फाशी देता येत नाही. इतक्या लहान मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. मार्च २०२३ मध्ये तो सुटला, तेव्हा त्याची अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. शाळेच्या रजिस्टरमधल्या एका ओळीनं माणूस फासावरून खाली उतरला. पण ती ओळ वेळेवर शोधायला त्याच्याजवळ ना पैसा होता, ना नीट वकील.

आता जेलच्या आत काय असतं ते पाहू. २०२२ सालाच्या शेवटी देशातल्या जेलांत सुमारे ४ लाख ३६ हजार माणसांची जागा होती आणि आत होते ५ लाख ७३ हजार. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे तीस. झोपायला कूस बदलायचीही पंचाईत, संडासापुढे रांग. आणि या सगळ्यांतले चारपैकी तीन 'कच्चे कैदी', म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. बायका साधारण २३ हजार. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. त्याला वेगळा आहार, दवाखाना, पाळणाघर मिळालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली बजावलं आहे. २०१७ साली मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एक कैदी बाई मेली. अंडी आणि पाव कमी आल्याच्या हिशोबावरून तिला मारहाण झाली, असा आरोप आहे आणि जेलच्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला भरला गेला. कैदी झाली म्हणून बाई माणूस राहत नाही का?

फाशीच्या कैद्याचं आणखी वेगळं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती फाशी सुनावली म्हणून कैद्याला एकांतात डांबता येणार नाही. पुढच्याच वर्षी त्याच कैद्यानं तिहार जेलमधून न्यायमूर्तींना साधं पत्र लिहून दुसऱ्या कैद्यावर होणारा छळ कळवला, आणि न्यायालयानं त्या पत्रालाच अर्ज मानलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तरीही वाट पाहण्याची शिक्षा उरतेच. कोल्हापूर भागातल्या दोन बहिणींना लहान मुलांच्या अपहरण आणि खुनांसाठी २००१ साली फाशी झाली. गुन्हा अंगावर काटा आणणारा होता. पण त्यांच्या दयेच्या अर्जांचा निर्णय इतकी वर्षं रखडला, की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. आज की उद्या, या धास्तीत माणसाला वर्षानुवर्षं ठेवणं हीसुद्धा क्रूर वागणूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच म्हटलं होतं.

"पण बलात्काऱ्याला तरी?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर आहे, ठाऊक आहे आम्हाला. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीनं देशभरातून सूचना मागवल्या, आणि बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. गावातलं वास्तव आपल्यालाच जास्त माहीत आहे. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. दीर, चुलता, शेजारी, मालक. तक्रार केली तर घरातला माणूस फासावर जाईल म्हटल्यावर पोरीच्या तोंडावर हात ठेवणारे किती निघतील? आणि पकडलो गेलो तर फाशीच आहे म्हटल्यावर तो पोरीला जिवंत सोडेल का? आपल्या लेकींना राखतं ते वेळेवर नोंदवलेलं गाऱ्हाणं, त्याच दिवशी झालेली वैद्यकीय तपासणी, नीट तपास आणि लवकर लागलेला निकाल. मागणी करायची तर ती करू.

आता कामाचं, वहीत लिहून घ्या. कुणालाही अटक झाली तर चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करायला लागतं आणि घरच्यांना कळवायला लागतं. बाईला सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी, खास परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

दुसरं, फुकट वकील. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल किंवा कुणीही कोठडीत असेल, तर उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो. अत्याचार झालेल्या बाईलाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्या, किंवा १५१०० या नंबरावर फोन करा. पहिल्या दिवसापासून मागा. खालच्या कोर्टात जे सांगायचं राहिलं, ते वर जाऊन भरून काढणं फार अवघड जातं.

तिसरं, वय. मूल अठराच्या आतलं आहे हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, निकाल लागून गेल्यावरसुद्धा मांडता येतो. त्यासाठी शाळेचा दाखला आधी पाहतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. म्हणून प्रत्येक पोराचं नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे एकसारखी आहे ना, हे आजच तपासा. आपण ऊसतोडीला, वीटभट्टीला, मुंबई-पुण्याला जातो. हे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि एक झेरॉक्स नातेवाइकाकडे द्या.

चौथं, जामीन. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानं, याआधी कधी गुन्हा सिद्ध न झालेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं असतं. फाशी आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही नाही. जामिनाची रक्कम भरायला पैसा नाही म्हणून कुणी आत अडकलं असेल, तर २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आहे. त्यातून पैशाची मदत होऊ शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

आणि शेवटचं, मुलाकात सोडू नका. गावाच्या लाजेनं घरचे जायचे थांबले, की आतल्या माणसाचं बाहेरचं सगळं तुटतं. वकील आला का, तारीख कधी, आजारपण काय, हे विचारणारं कुणी उरत नाही. जाताना आधार कार्ड न्या. आता व्हिडिओवरही भेट होते. ज्या घरातला माणूस आत आहे, त्या घरच्या बाईला गटातून काढू नका. तिचा हप्ता थकला तर आधी तिच्या घरी जाऊन या.

पुढच्या मासिक बैठकीत एवढंच करा. नाशिकच्या त्या आईची गोष्ट वाचून दाखवा आणि सगळ्यांना विचारा: त्या सहा जणांना २००९ सालीच फाशी दिली असती, तर २०१९ साली कोर्टानं कुणाला सोडलं असतं? बायका काय म्हणतात ते लिहून केंद्रावर पाठवा, पुढच्या एखाद्या भागात आम्ही ते वाचून दाखवू.