क्लीव्हलँडचं घर, फ्रीमाँटचा मालक

सिलिकॉन व्हॅलीत राहून तिथंच भाड्यानं द्यायला आणखी एक घर घेणं दोन पगारांच्या संसारालाही सहसा परवडत नाही, आणि परवडलंच तर भाड्यातून हप्ता निघत नाही. मग नजर ओहायो, इंडियाना, मिशिगनकडे वळते. क्लीव्हलँडमधल्या जुन्या घराची किंमत बघून फ्रीमाँटचा मराठी इंजिनिअर आधी चकित होतो आणि लगेच एक्सेल उघडतो. घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, भाडेकरू ठेवायचा, वाढलेल्या किमतीवर नवं कर्ज काढून पैसा मोकळा करायचा आणि पुढचं घर घ्यायचं. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत हे गणित हमखास ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे असं नाही. पण त्यातले बरेचसे आकडे आधीच्या मालकाचे असतात आणि बरेचसे नियम कॅलिफोर्नियातल्या सवयीतून गृहीत धरलेले असतात.

‘जाहिरातीत प्रॉपर्टी टॅक्स दिलाय, तोच धरायचा.’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. इंडियानात घरपट्टीला राज्यघटनेनंच मर्यादा घातली आहे. २०१० साली मतदारांनी ती मंजूर केली. मालक स्वतः राहत असेल तर मूल्यांकनाच्या १ टक्का, भाड्याचं घर असेल तर २ टक्के. म्हणजे २ लाख डॉलर मूल्यांकनाच्या घरावर राहत्या मालकाला फार तर २ हजार डॉलर, तुम्हाला ४ हजारांपर्यंत. शाळांसाठी सार्वमतानं मंजूर झालेला कर या मर्यादेच्या बाहेर. शिवाय राहत्या मालकाला मूल्यांकनातून ज्या वजावटी मिळतात, त्या तुम्हाला नाहीत. घर विकणाऱ्या आजीबाई तिथं वर्षानुवर्षं राहत असतील, तर जाहिरातीत दिसणारा कर त्यांचा आहे.

मिशिगनमध्ये दुहेरी दणका. तिथं करपात्र मूल्य दरवर्षी महागाईइतकंच किंवा ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढंच वाढू शकतं. त्यामुळे जुन्या मालकाचा कर बाजारभावाच्या पुष्कळ मागं राहिलेला असतो. घर विकलं की पुढच्या वर्षी ही मर्यादा उठते आणि मूल्य एकदम वर जातं. त्यात राहत्या घराला शाळेच्या करातून मिळणारी सूट जाते; ती १८ मिल, म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजारी १८ डॉलरपर्यंत असते. कॅलिफोर्नियात घरपट्टीच्या वाढीला वेसण घालणाऱ्या प्रॉप १३ च्या छायेत राहणाऱ्यांना हे खरं तर ओळखीचं वाटायला हवं, पण दुसऱ्याच्या राज्यात गेल्यावर आपण ते विसरतो.

उपाय बिनखर्ची आहे. काउंटी असेसरच्या संकेतस्थळावर घराची नोंद उघडायची, कोणत्या सवलती लागू आहेत ते बघायचं आणि त्या काढून कर नव्यानं मांडायचा. त्यानंतर निम्मी घरं यादीतून आपोआप गळतात.

‘प्रॉपर्टी मॅनेजर नेमला की आपण सुटलो.’

मॅनेजर साधारणपणे भाड्याच्या ८ ते १० टक्के घेतो आणि नवा भाडेकरू आणल्याबद्दल अर्ध्या ते एका महिन्याचं भाडं वेगळं. तो फोन उचलतो, भाडं गोळा करतो, प्लंबर पाठवतो. कायद्यापुढं मात्र मालक तुम्हीच.

क्लीव्हलँड हे याचं उत्तम उदाहरण. तिथं घरांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायालय आहे आणि इमारत-नियमांचा भंग हा तिथं दंडनीय गुन्हा ठरतो. नोटीस आली, तुम्ही हजर झाला नाहीत, तर वॉरंट निघू शकतं. तुम्ही फ्रीमाँटला राहता ही सबब नाही. परगावच्या मालकांना गाठता गाठता शहराची दमछाक झाली होती. म्हणून २०२४ मध्ये शहरानं नियम आणखी कडक केले: दूर राहणाऱ्या मालकानं घरासाठी जबाबदार असा स्थानिक प्रतिनिधी नेमायचा, आणि ती कंपनी नव्हे, हाडामांसाची व्यक्ती हवी. ही जोखीम अंगावर घेणारा माणूस फुकट मिळत नाही. हा खर्च एक्सेलमध्ये कुणी धरलेला मला दिसलेला नाही.

लगतच्या उपनगरांची तऱ्हा वेगळी. शेकर हाइट्स किंवा क्लीव्हलँड हाइट्समध्ये घर विकण्याआधी शहराचा निरीक्षक येतो, दोषांची यादी करतो आणि त्या दुरुस्तीचे पैसे एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताच्या खात्यात, अडकवून ठेवायला लावतो. विक्रेता ‘आहे तसं घ्या’ म्हणत असेल तर ती यादी तुमच्या गळ्यात. यादी आधी मागून घेतली तर हीच गोष्ट फायद्याची ठरते, कारण हजारो मैलांवरून इतकी तटस्थ तपासणी एरवी मिळणं अवघड.

‘रंगरंगोटी, नवं किचन, झालं!’

फोटोत किचन दिसतं, जमिनीखालचा ड्रेन दिसत नाही. या पट्ट्यातली कित्येक घरं शंभर वर्षांच्या आसपासची. घरापासून रस्त्यातल्या मुख्य गटारापर्यंतची लाइन बहुधा मातीच्या पाइपची असते, झाडांची मुळं त्यात शिरतात आणि तिची दुरुस्ती सहसा मालकाच्या खिशातून होते. नेहमीच्या होम इन्स्पेक्शनमध्ये ती तपासली जात नाही. कॅमेरा घालून बघायला वेगळे पैसे पडतात. ते द्यावेत. भिंतीतली जुनी उघडी वायरिंग आणि आतून गंजत आलेले लोखंडी पाइप हे आणखी दोन गुपचूप खर्च.

मग शिसं. घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात पैसे घेऊन जुना रंग उकरणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे २०१० पासून केंद्रीय पर्यावरण संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. भाड्याच्या घरात मालकानं स्वतः पट्टी घेऊन खरवडायचं म्हटलं तरी तोच नियम. क्लीव्हलँडनं तर २०१९ मध्ये कायदाच केला की १९७८ पूर्वीचं घर भाड्यानं द्यायचं तर ते शिशापासून सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र हवं. मामला लहान मुलांच्या मेंदूचा आहे, त्यामुळे इथं शहरानं सैल सोडावं असं मला तरी वाटत नाही.

काम चालू असताना घर रिकामं असतं, आणि घराचा साधा विमा रिकाम्या घरावर रुसतो. सलग ३० किंवा ६० दिवस कुणी राहत नसेल तर तोडफोड, चोरी, पाइप फुटणं यांची भरपाई अनेक पॉलिसी नाकारतात. जानेवारीत हीटिंग बंद पडून पाइप गोठला आणि कुणाला आठवडाभर पत्ताच लागला नाही, तर नव्या किचनचं काय होतं हे सांगायला नको. रिकाम्या घराचा विमा वेगळा असतो. तो क्लोजिंगच्या दिवसापासूनच घ्यावा लागतो.

‘कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे दिले, विषय संपला.’

अनेक राज्यांत संपत नाही. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला दिले, पण त्यानं छप्परवाल्याला दिले नाहीत, तर छप्परवाला तुमच्या घरावर लिएन, म्हणजे बोजा चढवू शकतो. तो उतरेपर्यंत ना विक्री, ना नवं कर्ज. म्हणून पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे आणि प्रत्येक टप्प्याला उपकंत्राटदारांकडून ‘पैसे पावले, लिएनचा हक्क सोडला’ असं सहीनिशी घ्यायचं. काम झालं की नाही हे बघायला, त्या कामात ज्याचा पैसा नाही असा माणूस पाठवावा. कॉन्ट्रॅक्टरनंच पाठवलेल्या व्हिडिओत नळ नेहमी चालूच असतो.

नव्या कर्जाचं स्वप्नही जरा आवरावं. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांत एका कुटुंबाच्या भाड्याच्या घरावर पैसे बाहेर काढायचे तर कर्ज किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच, आणि फेडायचं जुनं कर्ज किमान १२ महिन्यांचं असावं लागतं.

‘घर माझं, भाडेकरू मी ठरवणार.’

पुण्यात ‘फक्त फॅमिली’, ‘आपली माणसं हवीत’ असं बिनदिक्कत सांगता येतं. अमेरिकेत १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा आहे. वंश, रंग, धर्म, मूळ देश आणि लिंग यांवरून नकार देता येत नाही; १९८८ मध्ये त्यात अपंगत्व आणि घरात मुलं असणं यांची भर पडली. ‘देशी कुटुंबाला प्राधान्य’ किंवा ‘मुलं नसलेलं जोडपं’ हे शब्द जाहिरातीत घालणंच बेकायदा, मग पुढं भाडेकरू कुणीही ठेवा.

‘तोटा दाखवून पगारावरचा कर वाचतो.’

सर्वांत लाडका समज. भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा करण्याची सवलत २५ हजार डॉलरपर्यंत आहे, पण उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की ती आटत जाते आणि दीड लाखाला शून्य होते. दोन सॉफ्टवेअर पगारांच्या घरात हा तोटा त्या वर्षी उपयोगाला येत नाही, पुढं ओढत न्यावा लागतो. भाड्यानं देण्याआधी केलेली दुरुस्तीही त्याच वर्षी खर्चात टाकता येत नाही. ती घराच्या किमतीत मिळवायची आणि साडेसत्तावीस वर्षांत वसूल करायची. इंडियानाच्या घरासाठी एलएलसी काढून कारभार फ्रीमाँटहून चालवलात, तर कॅलिफोर्निया वर्षाला किमान ८०० डॉलर मागतंच. घर ज्या राज्यात, तिथलं रिटर्न वेगळं.

घर विकताना डेप्रिसिएशनचा, म्हणजे दरवर्षी वजा केलेल्या घसाऱ्याचा, हिशोब परत निघतो. जितकं घेतलं त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर, आणि आळसानं घेतलंच नसेल तरी घेतलं असंच धरतात. तो लांबवायचा तर मिळालेले पैसे स्वतःच्या खात्यात न घेता मध्यस्थामार्फत दुसऱ्या भाड्याच्या मालमत्तेत घालावे लागतात. त्यासाठी नवं घर ४५ दिवसांत लेखी ठरवायचं आणि १८० दिवसांत घ्यायचं. या ४५ दिवसांत शनिवार, रविवार आणि थँक्सगिव्हिंग सगळे मोजले जातात.